गाडी सुरू होत नसेल तर कमी खर्चात दोष कसा शोधावा

सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, की पहिला सल्ला बहुधा बॅटरी बदलण्याचा मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण चार ते पाच हजार रुपयांना येते. ती बदलूनही गाडी पुन्हा अडली तर पुढचा सल्ला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार, बदलण्याचा, त्यानंतरचा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा असतो, आणि असे करत करत दहा-पंधरा हजार रुपये खर्ची पडल्यावर मूळ दोष एखाद्या सैल नटात किंवा गंजलेल्या अर्थच्या पट्टीत (बॅटरीचे ऋण टोक, बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या वाटेत) सापडतो. ज्यांचा महिन्याचा हिशेब मोजका आहे त्यांना असा खर्च परवडत नाही. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: मोजमाप केल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, आणि तपासणीची सुरुवात ज्यांना एक रुपयाही लागत नाही अशा गोष्टींपासून करावी.

नाशिकमध्ये अशा तक्रारी थंडीत एकदम वाढतात. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होते आणि सेल्फला नेहमीपेक्षा अधिक जोर लावावा लागतो. मात्र बॅटरीचे खरे नुकसान थंडी करत नाही. ते एप्रिल-मे महिन्यांत, बॉनेटखालच्या उष्णतेत आधीच झालेले असते, कारण उष्णतेमुळे प्लेटा लवकर झिजतात आणि आतील पाणी कमी होते. थंडीत ते फक्त उघडे पडते. त्यामुळे ‘कालपर्यंत गाडी व्यवस्थित चालत होती’ हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा मानू नये.

तपासणीसाठी लागणारी साधने मोजकी आहेत. तीनशे ते पाचशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर हे त्यांतले सर्वांत मोलाचे. तो नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. घेताना त्यावर १० अँपिअरची स्वतंत्र खोबण आहे याची खात्री करून घ्यावी. त्याशिवाय बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दहा नंबरचा पाना, दात घासण्याचा जुना ब्रश, खाण्याचा सोडा, बारीक पॉलिश पेपर आणि शक्य असल्यास जाड तारेच्या जम्पर केबल एवढ्यावर काम भागते.

कामाला हात घालण्यापूर्वी हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे, कारण पाना चुकून बॅटरीचा धन टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये अडकला तर क्षणात लाल होतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून जवळ काडी किंवा सिगारेट पेटवू नये. सीएनजी गाडीत वायूचा वास येत असेल तर किल्ली फिरवण्याचाही प्रयत्न करू नये. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी मोकळ्या हवेत ढकलावी आणि पुढचे काम अधिकृत तंत्रज्ञावर सोपवावे.

पहिला प्रश्न: सेल्फ फिरतो का?

‘गाडी सुरू होत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगवेगळे दोष असतात. सेल्फ अजिबात फिरत नाही, सेल्फ रडतरखडत फिरतो, किंवा सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो पण इंजिन पकडत नाही. पहिल्या दोन प्रकारांत दोष बॅटरी, जोडण्या आणि सेल्फ यांच्यात असतो; तिसऱ्या प्रकारात या तिघांचा फारसा संबंध नसतो आणि इंधन, ठिणगी किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) यांच्याकडे पाहावे लागते. ही विभागणी आधी न करता खर्चाला सुरुवात केली तर नेम चुकण्याचीच शक्यता अधिक.

यासाठी हेडलाइट लावून, समोर भिंत असेल तर तिच्यावरचा प्रकाश पाहत किल्ली फिरवावी. प्रकाश पूर्ण विझला किंवा अगदी मिणमिणता झाला आणि ‘टकटकटक’ असा झपाझप आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचा टर्मिनल सैल आहे. प्रकाश थोडा मंदावला आणि एकच जड ‘टक्’ आवाज आला, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच) ओढला जातो आहे पण मोटार फिरत नाही. अशा वेळी संशय सेल्फवर किंवा जाड तारांच्या जोडणीवर असतो. प्रकाशात काहीच फरक पडला नाही आणि आवाजही आला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. इग्निशन स्विच, क्लच पेडलचा स्विच, सेल्फचा रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा त्याचा फ्यूज यांपैकी एखादा दोषी असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’ मध्ये नसेल तरी तेच होते. जाड पायपुसणी पेडलखाली सरकल्यामुळे क्लच पूर्ण दाबला न जाणे हेही एक कारण असू शकते, म्हणून आधी तेवढे पाहून घ्यावे. आणि सेल्फचा नुसता घर्र असा मोकळा फिरण्याचा आवाज येत असेल, पण इंजिन हलत नसेल, तर सेल्फचा बेंडिक्स गिअर (पुढे सरकणारे दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत अडकत नाही, हे ऐकूनच कळते.

बॅटरी आणि तिच्या जोडण्या

बॅटरीचा व्होल्टेज मोजण्याची योग्य वेळ सकाळची, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरची असते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक धन खांबाला आणि काळे टोक ऋण खांबाला लावावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० च्या खाली गेलेली बॅटरी जवळजवळ उतरलेली समजावी. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: उतरलेली बॅटरी ही खराब बॅटरी असतेच असे नाही. दिवा चालू राहिल्यामुळे उतरलेली चांगली बॅटरी चार्ज केली की पूर्ववत काम करते. तिला बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कमी आकडा आला तर आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्यावी, काही तास तशीच ठेवावी आणि मगच निकाल द्यावा.

उभ्या बॅटरीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आकडा सेल्फ फिरत असतानाचा असतो. मीटरची टोके खांबांवर धरून दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. चांगल्या बॅटरीत हा आकडा सामान्य हवामानात ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच आठ किंवा सातवर कोसळते, तर बहुधा तिच्यातला एखादा सेल निकामी झाला आहे. दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावल्यावर सेल्फ जोमाने फिरला तर शंका उरत नाही. याउलट सेल्फ रडत असताना बॅटरीच्या खांबांवर ११ व्होल्टच्या वर आकडा टिकून असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. तिच्यात ताकद आहे, पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही.

ही ताकद वाटेत कुठे अडते ते शोधण्याची रीत सोपी आहे आणि गॅरेजमध्येही ती फार कमी वेळा वापरली जाते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर टेकवावे. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर टेकवावे. सेल्फ मारावा. तार आणि तिच्या जोडण्या निर्दोष असतील तर मीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा कमी आकडा येतो. त्याहून अधिक जे काही दिसेल ते अर्थच्या वाटेत वाया जाणारे व्होल्टेज आहे. अशीच मोजणी धन खांब आणि सेल्फवरचा जाड तारेचा बोल्ट यांच्यामध्ये करावी, तेथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. आकडा जास्त आला तर टोक एकेक जोडणी पुढे सरकवत न्यावे: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते तार, तारेचे लग (टोकावरची धातूची कडी) ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी घेतो, तेथेच दोष असतो.

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका परिचितांच्या दहा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीला नवी बॅटरी बसवूनही सकाळी सेल्फ जड फिरत असे, आणि त्यांना सेल्फ बदलण्याचा खर्च सांगितला गेला होता. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ११.४ व्होल्ट टिकत होते, पण ऋण खांब आणि इंजिन यांच्यामध्ये तब्बल १.६ व्होल्ट दिसत होते. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी वरून धड दिसत होती; तिचा बोल्ट सोडवल्यावर मात्र लगच्या खाली पावसाळ्यातल्या चिखलाचा आणि हिरवट गंजाचा पापुद्रा निघाला. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासले, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजल्यावर आकडा ०.१ आला आणि सेल्फ पहिल्यासारखा फिरू लागला. एवढ्या कामाला पॉलिश पेपरचा एक तुकडा लागला.

टर्मिनलवर चढलेली पांढरट-हिरवट भुकटी काढताना आधी ऋण तार सोडवावी आणि मग धन; जोडताना उलट क्रमाने, आधी धन आणि शेवटी ऋण. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ब्रशने खांब व क्लॅम्पवर लावला की फेस येतो. तो येणे थांबेपर्यंत घासून स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे. हे पाणी बॅटरीच्या बुचांमधून आत जाऊ देऊ नये. क्लॅम्प हाताने फिरवून हलत असेल तर तो आवळलेला नाही, मग नट कितीही घट्ट वाटो. काही जुन्या क्लॅम्पची तोंडे एकमेकांना भिडलेली असतात आणि नट आवळूनही खांब पकडला जात नाही. असा क्लॅम्प अगदी किरकोळ किमतीत नवा मिळतो. बुचे असलेल्या बॅटरीत पाण्याची पातळी प्लेटांच्या वर नसेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे किंवा बोअरचे कधीही नाही.

इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटरची, म्हणजे बोलीभाषेतल्या डायनामोची, तपासणी लगेच करून टाकावी. हेडलाइट, ब्लोअर आणि एसी चालू ठेवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा १२.६ च्या आसपासच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे व तो नवी बॅटरीही उकळून टाकील. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर न विसंबता काही मिनिटे मीटर पाहत राहावे.

बॅटरीची दुकाने लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची ताकद पाहण्याची चाचणी) बहुधा विनामूल्य करून देतात. तिचा लाभ जरूर घ्यावा, पण बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच. उतरलेली बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास होणारच, आणि त्या निकालावर नवी बॅटरी गळ्यात मारली जाऊ शकते. बदलायचीच वेळ आली तर जुनी बॅटरी परत देऊन किंमत कमी करून घ्यावी, आणि नवी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहावा.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर

दिवसा गाडी नीट चालते, अल्टरनेटर चार्ज करतो, टर्मिनल स्वच्छ आहेत, तरीही दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशा गाडीत कुठेतरी चोरून वीज खाल्ली जात असते. गणित साधे आहे: अर्धा अँपिअर प्रवाह अखंड जात राहिला तर चोवीस तासांत १२ अँपिअर-तास खर्च होतात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत गाडी उचलण्याच्या लायकीची उरत नाही. बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सर्वसाधारण मानला जातो.

तो मोजण्यासाठी ऋण तार सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत जोडावा आणि तो तार व खांब यांच्या मध्ये लावावा. मीटर असा लावलेला असताना किल्ली चुकूनही फिरवू नये. सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह मीटरचा फ्यूज, आणि त्या खोबणीला फ्यूज नसेल तर मीटरच, जागीच उडवतो. सगळी दारे आणि डिकी बंद करून अर्धा तास थांबावे, कारण गाडीतील संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेतात. मग आकडा पाहावा. तो जास्त असेल तर फ्यूज एकेक करून उपटावेत. ज्या फ्यूजबरोबर आकडा झपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेक वेळा तो कंपनीने बसवलेला नसून नंतर जोडलेला असतो: म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा रिव्हर्स कॅमेरा. कधी तो डिकीतला न विझणारा दिवाही असतो.

सेल्फ स्वतः दोषी असेल तर

बॅटरी भरलेली, जोडण्या निर्दोष, आणि तरीही एकच ‘टक्’ येऊन थांबते, तर सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकत किल्ली फिरवून पाहावी. सेल्फ फिरला तर बहुधा त्याचे कार्बन (आत वीज पोहोचवणारे घासते ठोकळे) झिजले आहेत. ‘टक्’ही येत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक तारेवर टेस्ट लॅम्प धरून सेल्फ मारावा, दिवा लागला आणि सोलेनॉइड हलला नाही तर तो गेला आहे, दिवा लागलाच नाही तर दोष आधीच्या वाटेत आहे. अशा वेळी सेल्फचा रिले काढून त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले तेथे लावून पाहावा. हॉर्न वाजतो हे माहीत असल्याने ही चाचणी फुकट आणि खात्रीची ठरते.

येथे नाशिककरांच्या सोयीची एक गोष्ट आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे कसलेले हात बरेच आहेत. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सेल्फ उघडून फक्त कार्बन आणि बुश बदलून देतो, आणि ते काम नव्या सेल्फच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात होते. आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जळलेले नसेल तर नवा सेल्फ घेण्याचे कारण नाही.

सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

या प्रकारात सेल्फ पुन्हा पुन्हा मारून बॅटरी उतरवू नये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे.

आधी डॅशबोर्ड पाहावा. किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागायलाच हवा. तो लागत नसेल तर इंजिनच्या संगणकाला वीज मिळत नाही, म्हणून त्याचा मुख्य फ्यूज आणि रिले तपासावा. किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. किल्लीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती वेगळी करावी. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नसेल तर अनेक गाड्यांत तो क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिनाचे फिरणे संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरकडे, बोट दाखवतो.

मग इंधन. काटा पाव टाकी दाखवत असला तरी तो अडकलेला असू शकतो, म्हणून दोन-तीन लिटर पेट्रोल घालून पाहणे शहाणपणाचे. त्यानंतर म्युझिक आणि ब्लोअर बंद करून किल्ली फक्त ऑन करावी आणि दुसऱ्या व्यक्तीने मागच्या सीटजवळ कान द्यावा. टाकीतील पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आला नाही तर पंपाचा फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या कनेक्टरवर येणारा व्होल्टेज, या क्रमाने जावे. कनेक्टरवर वीज येते आणि पंप गप्प आहे, असे दिसल्यावरच पंप गेला म्हणावे. शेवटच्या घटका मोजणारा पंप टाकीच्या तळाला रबरी हातोडीने ठोकल्यावर काही वेळ चालतो; घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जायला तेवढे पुरते, आणि निदानही पक्के होते.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि नंतर दिवसभर ती पहिल्या फटक्यात सुरू होते, अशी तक्रार असेल तर किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबावे, बंद करावी, असे तीनदा करून मग सेल्फ मारावा. एवढ्याने ती लगेच पकडली तर रात्रीत लाइनमधला दाब उतरतो, असा अर्थ होतो. पंपाचा व्हॉल्व्ह किंवा इंजिनात पेट्रोल फवारणारा एखादा इंजेक्टर गळत असतो. फरक पडला नाही तर स्पार्क प्लग आणि कूलंटच्या तापमानाचा सेन्सर यांच्याकडे वळावे.

ठिणगी आहे की नाही हे कळण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे प्लग काढून पाहणे. इंजिन थंड असताना, प्लगच्या खोबणीतली धूळ आधी फुंकून, प्लग काढावा. काही वेळ सेल्फ मारल्यानंतरही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. तो पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल येते पण पेटत नाही. भिजलेले प्लग पुसून, वाळवून बसवावेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा; बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असे केल्यावर इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेले पेट्रोल बाहेर पडते. प्लगची तार हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. प्लगला वीज पुरवणाऱ्या आजच्या कॉइलचा व्होल्टेज हजारोंच्या घरात असतो, आणि उघड्यावर सोडलेली ठिणगी माणसाला आणि संगणकाला दोघांनाही इजा करू शकते. स्पार्क टेस्टर थोडक्या पैशांत मिळतो.

पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकेश्वर बाजूच्या पावसात गाडी उभी राहिल्यानंतर, कॉइल आणि प्लगच्या तारांवरचा ओलावा हेही कारण असते. बॉनेट उघडून सर्व कोरड्या फडक्याने पुसून घेतल्यावर गाडी सुरू झाली तर त्या तारांना तडे गेलेले असण्याची शक्यता असते. आणि शेतालगतच्या वस्त्यांत, द्राक्षबागांच्या आसपास किंवा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून आधी उंदरांच्या खुणा पाहाव्यात. इंजेक्टरची किंवा सेन्सरची एक बारीक तार कुरतडली गेली की सेल्फ जोमाने फिरतो आणि गाडी काही केल्या पकडत नाही. तुटलेली तार जोडून, वर इन्सुलेशन चढवून घेतली की काम होते. संपूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) बदलण्याचा सल्ला मिळाला तर आधी डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (दोष कोडच्या रूपात सांगणारी यंत्रणा) बंधनकारक झाल्याने अशा गाड्यांत मोबाइलला जोडणारा ब्लूटूथ स्कॅनर उपयोगी पडतो. शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा. येथे ‘सर्किट’ हा शब्द नीट वाचावा. कोड सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. सेन्सर, त्याची तार किंवा कनेक्टर यांपैकी कुठेतरी दोष आहे, एवढेच सांगतो. म्हणून कोड दिसताच सेन्सर मागवू नये, आधी कनेक्टर काढून पिनांवरचा गंज आणि तारेची अवस्था पाहावी.

सीएनजी गाड्यांची वेगळी गोष्ट

नाशिकमध्ये सीएनजी मिळू लागल्यापासून एक दोष फार दिसू लागला आहे. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि नंतर गॅसवर जातात. मालक पैसे वाचवण्यासाठी टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतो. टाकीतला पंप थंड राहतो तो पेट्रोलात बुडालेला असल्यामुळे. कोरड्यात चालून तो तापतो आणि जळतो. शिवाय महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल शिळे होते, आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हवेतला ओलावा अधिक शोषला जातो. गॅसवर उत्तम चालणारी पण सकाळी सुरू न होणारी गाडी असेल तर संशयाची सुई आधी येथे वळवावी. टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नये आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी; यात जाणारे पैसे पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. गॅस पेटवायला ठिणगीही अधिक जोराची लागते, त्यामुळे या गाड्यांचे प्लग लवकर बदलावे लागतात.

गरम झाल्यावर अडणारी गाडी

कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी गाडी बंद केली आणि वीस मिनिटांनी ती सुरूच झाली नाही, पण तासाभराने आपोआप सुरू झाली, असा अनुभव अनेकांना येतो. हा दोष गॅरेजमध्ये थंड गाडीवर सापडत नाही, म्हणून त्याच क्षणी निरीक्षण करणे आवश्यक असते. सेल्फ जड फिरत असेल तर सेल्फ किंवा अर्थची जोडणी उष्णतेने दगा देत आहे. सेल्फ छान फिरतो आणि आरपीएमचा काटा मेलेला आहे, तर क्रँक सेन्सरवर पाण्यात पिळलेले ओले फडके काही मिनिटे ठेवावे, अर्थात तो हाताला सहज लागत असेल आणि आसपासचे भाग भाजण्याइतके तापलेले नसतील तरच. गाडी लगेच सुरू झाली तर निदान झाले.

डिझेल गाडी असेल तर

डिझेल गाडीत प्लगच्या जागी हीटर प्लग असतात. थंडीत किल्ली ऑन करून स्प्रिंगसारखे चिन्ह विझेपर्यंत थांबावे. तरीही बराच वेळ सेल्फ मारल्यावर पांढरा धूर सोडत ती पकडत असेल तर हीटर प्लग आणि त्यांचा रिले तपासावा. डिझेल संपून थांबलेल्या किंवा नुकताच फिल्टर बदललेल्या गाडीत लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबावा, आणि फिल्टरखालचे पाणी काढून टाकावे. कॉमन रेल इंजिनाच्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट मात्र घरी कधीही सैल करू नयेत, कारण त्यांत हजाराहून अधिक बारचा दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. पंप-नोझलची कामे जाणणारे जुने कारागीर, डिझेल इंजेक्शनचे भाग बनवणाऱ्या मायको कंपनीच्या या नाशिक शहरात मिळतात. ते काम त्यांच्याकडेच द्यावे.

धक्का, जम्पर आणि गॅरेज

धक्का मारून गाडी सुरू करणे फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत शक्य आहे, आणि तेही बॅटरीत संगणक व पेट्रोल पंप चालवण्याइतका जीव असेल तरच. सेल्फ नीट फिरत असून गाडी पकडत नसेल तर धक्का मारू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाग खराब करते, आणि तो अत्यंत महाग असतो. जम्पर लावताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनावर, मग चांगल्या बॅटरीच्या धनावर. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणावर, आणि तिचे शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे. पाच मिनिटे दुसरी गाडी चालू ठेवून मग सेल्फ मारावा, आणि काढताना क्रम उलटा करावा.

गॅरेजला जावेच लागले तर मिळालेले आकडे कागदावर लिहून न्यावेत: रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज, अर्थच्या वाटेतला आकडा, चार्जिंगचा आकडा, आणि गाडी थंड असताना अडते की गरम. ‘बघा जरा, सुरू होत नाही’ असे सांगणाऱ्या ग्राहकापेक्षा हा कागद पुढे करणाऱ्या ग्राहकाचे काम मेकॅनिक वेगळ्या पद्धतीने सुरू करतो, कारण त्याचाही अर्धा दिवस वाचतो. कोणता भाग बदलणार आणि कोणत्या चाचणीवरून, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे, खर्चाचा आकडा आधी ठरवून घ्यावा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. गाडी ताब्यात घेताना तेच आकडे मेकॅनिकसमोर पुन्हा मोजावेत, आणि ते बदललेले नसतील तर पैसे देण्यापूर्वीच तसे सांगावे.